ढिम्मबाईचा डावा अंगठा

पोकरच्या हॉलमध्ये तिला सगळे ढिम्मबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर 'मॅडम'. पण मॅडम पाणी प्यायला उठल्या, की टेबलावर सुरू, "काय रे, ढिम्मबाईचं आज काय चाललंय?" आणि कुणीतरी हमखास उत्तर द्यायचं, "काय चालणार? ढिम्म!" तिला हे माहीत होतं. राग धरावा इतकं तिला त्यात काही वाटलं नाही, आणि खरं बोलायचं तर नाव चपखलच होतं. हातात दोन एक्के असोत, नाहीतर दुर्री-सत्ती असो, बाईच्या चेहऱ्यावरची माशी उठायची नाही.

ज्यांनी पोकर खेळला नाही त्यांना वाटतं हा पत्त्यांचा खेळ आहे. कसला पत्त्यांचा! पत्ते निमित्ताला. प्रत्येकाच्या हातात झाकलेले दोन, मधे सगळ्यांना दिसतील असे पाच, बस्स. बाकी सगळा खेळ माणसांचा. कुणाकडे काय आहे ते त्याच्या गळ्याच्या घाटीवरून, पैशांच्या जागी लावायच्या चिप्स पुढे सारणाऱ्या बोटांवरून ओळखायचं, आणि आपल्याकडे काय आहे ते कुणाला ओळखू द्यायचं नाही. हातात काही नसताना थाप मारून समोरच्याला पळवून लावायचं, आणि भरपूर असताना अगदी गरिबासारखं बसायचं. हे दुसरं जास्त अवघड. नसलेलं दाखवणं सोपं असतं हो, असलेलं लपवताना माणूस फुटतो.

ती काही जन्मतः अशी नव्हती. लहानपणी चांगली खिदळणारी पोरगी होती, असं तिचा दादा सांगतो. नोकरीला लागली ती वीज कंपनीच्या ऑफिसात, तक्रारीच्या खिडकीवर. खिडकीला जाळी, जाळीत हात जाईल एवढी फट, आणि फटीपलीकडे सकाळपासून डोकं फिरलेली माणसं. मीटर जळाला, बिल जास्त आलं, खांबावरून ठिणग्या उडतात. निम्मे खरं सांगत, निम्मे बेधडक थापा मारत. 'मीटरला मी हातसुद्धा लावला नाही' असं म्हणताना माणूस नेमका हात खिशात घालतो, हे तिला तिथे कळलं. आणि हेही कळलं की शिव्या देणाऱ्याला चेहऱ्यावर काही दिसलं नाही, तर तो आपोआप दमतो. रोज संध्याकाळी घरी जाताना ती तो खिडकीचा चेहरा पर्सबरोबर काढून ठेवायची. निदान तेव्हा तरी ठेवायची.

लग्न झालं ते नकाशे काढणाऱ्या एका माणसाशी. बांधकामाचे नकाशे. अगदी नाकासमोर चालणारा, मऊ बोलणारा, पेन्सिलीला टोक करतानाही खाली कागद धरणारा. मुलगी झाली. गालात सगळं कोंबून ठेवायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू.

पोकर आला तो दादाच्या घरून. दादा कारखान्यात फोरमन, आणि सुट्टीच्या दुपारी त्याच्याकडे दोस्तमंडळी जमत. एकदा एक गडी कमी पडला. दादा म्हणाला, "बस गं तू. नुसती बस, पत्ते धर, आम्ही सांगतो काय करायचं ते." ती बसली. त्यांनी सांगितलं. चहा होईपर्यंत सगळ्यांच्या चिप्स तिच्यापुढे. चिप्स कसल्या, शर्टाची बटणं होती ती, पण फोरमन लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. "आयला, हिला कुणी शिकवलं?" एकाने विचारलं. "विजेच्या खिडकीने," ती म्हणाली, आणि तेव्हा हसलीसुद्धा.

मग दर सुट्टीला जायचं ठरूनच गेलं. नवरा घरी झोपायचा. खारू तिच्याबरोबर यायची आणि ठोकळे घेऊन टेबलाखाली बसायची, मोठ्यांच्या पायांच्या जंगलात.

एके दिवशी परत येताना बसमध्ये खारू म्हणाली, "आई, तुझा अंगठा उठतो."

"कसला अंगठा?"

"पायाचा. डाव्या. तो असा वर उठला ना, की तू जिंकतेस. मामाचे गुडघे हलतात, पण ते उगाचच हलतात."

ती हबकलीच. वर एवढी डोळ्यांत तेल घालून बसायची, भुवई नाही, ओठ नाही, हाताचं बोट नाही, आणि खाली पायाचा अंगठा सगळ्या गावाला दवंडी पिटत होता! आनंद कुठूनतरी बाहेर पडणारच, त्याने ही वाट शोधलेली. नशीब, टेबलाखाली बघणारी पोटची पोरच होती.

तोपर्यंत ती शहरातल्या हॉलमध्ये खऱ्या स्पर्धा खेळायला लागली होती आणि दोन-तीनदा वरच्या नंबरात आली होती. तिथे टेबलाखाली बघणारे नसतील कशावरून? बूट घातले तर अंगठा झाकेल, पण अंगठा उठला की पाय ताठतो, पाय ताठला की मांडी, आणि मांडी ताठली की खांदा किंचित वर येतो. जाणकाराला तेवढं पुरे. म्हणजे अंगठाच बंद करायला हवा.

आणि इथे त्या मायलेकींनी एक खेळ काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आई पत्ते घेऊन अनवाणी बसायची, खारू टेबलाखाली. अंगठा उठला की खारूने ओरडायचं, "हलला!" आणि तिला एक बिस्कीट मिळायचं. सुरुवातीला बिस्किटांचा फडशा पडला. नुसत्या चांगल्या पत्त्यांवर अंगठा महिन्याभरात वठणीवर आला, तशी खारू चिडली, कारण बिस्किटं बंद झाली. मग पोरीने डोकं लढवलं. खालून बारीक आवाजात म्हणायची, "आई, बाईंनी माझं चित्र भिंतीवर लावलं." हलला! "आई, आज मी तुझ्यासाठी गंमत आणलीय." हलला! आणि अगदी हमखास काम करणारं, हातचं राखून ठेवलेलं, "आई, मला तू सगळ्यात जास्त आवडतेस." त्यावर तर दोन्ही अंगठे उठायचे आणि दोघी पोट धरून हसायच्या.

पण बाई जिद्दीची. ती शिकली. ते वाक्य कानावर पडलं की पोटात जे काही उसळतं, ते तिथल्या तिथे दाबून धरायला ती शिकली. एका दुपारी खारूने खालून सगळं सगळं म्हणून पाहिलं, चित्राचं, गमतीचं, आवडण्याचं. मग बराच वेळ आवाज नाही. आईने वाकून पाहिलं, तर पोर अंगठ्याकडे बघत बघत तिथेच झोपून गेली होती. आईने तिला उचललं, पलंगावर ठेवलं आणि पत्ते पिसायला परत आली. काम फत्ते झालं होतं.

त्याच वर्षी तिने पहिली मोठी स्पर्धा मारली. वर्तमानपत्रात फोटो आला. ढाल हातात धरलेली, आणि चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. दादाने तो फोटो फ्रेम करून लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "ही जिंकलीय बरं का, हरलेली नाही." खारू शाळेत सांगून आली, "माझ्या आईला मी शिकवलं." सगळे हसले. पण शब्दन् शब्द खरा होता.

खिडकीची नोकरी सुटली. आता हा धंदा. लोकांना वाटतं, काय ऐटीचं आयुष्य असेल! काय ऐट? खिडकी नसलेले हॉल, हिरव्या कापडाची टेबलं, आणि तासन् तास पत्ते टाकून देणं. हो, टाकून देणं. चांगला खेळाडू आलेल्या पत्त्यांपैकी बहुतेक टाकूनच देतो आणि बघत बसतो. ती लोकांचं पाणी जोखत बसायची. सगळीकडे सारख्याच हॉटेलच्या खोल्या, सारख्याच चादरी, खाली नाश्त्याला सारखंच उकडलेलं अंडं. ती जिंकत गेली. एकेका शहरात, मग परदेशात. लोक हात मिळवत, ती हात मिळवे. एकदा एका पत्रकार पोरीने विचारलं, "जिंकल्यावर आतून कसं वाटतं?" ती प्रामाणिकपणे शोधायला गेली, आत. बराच वेळ शोधलं. मग म्हणाली, "खुर्ची कडक होती."

या धंद्याचा एक नियम इथे सांगायला हवा. टेबलावर आपला टर्न असताना तोंडातून जे निघालं ते धरलं जातं. हात काय करतोय, मनात काय होतं, जीभ घसरली का, काही चालत नाही. बोललात, बांधले गेलात. पत्ते वाटणारा डीलर म्हणतो, "बोललं ते धरलं," आणि विषय संपला. खारूला हा नियम लहानपणापासून भारी आवडायचा. आई चुकून म्हणाली, "बघू, उद्या बागेत जाऊ," की ही टुणकन उडी मारायची, "धरलं!" आणि जावं लागायचं. मग आईने काय केलं असेल? जे टेबलावर केलं तेच. हॉलमध्ये ती बोलायची नाही, चिप्स गुपचूप पुढे सारायची. घरीही हळूहळू बोलेनाशी झाली. येईन, नेईन, देईन, हे शब्दच तिने टाकून दिले. शब्द मोडायचा नाही या चांगल्या हेतूनेच, बरं का. पण शब्दच दिला नाही तर मोडणार काय?

नकाशेवाल्याने बरीच वर्षं कळ काढली. मग एके संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी म्हणाला, "माझी बदली होतेय. मी एकटाच जावं म्हणतोय." ती त्याच्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, "तुला वाईट वाटतंय की नाही, एवढं तरी सांग. मी भांडत नाहीये. मला खरंच दिसत नाही गं."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" ती म्हणाली.

वाईट वाटलं होतं. तिने ते जिथल्या तिथे धरलं, सवयीने, आणि धरलेलं सोडायचं कसं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो गेला. जातानाही त्याने आवाज चढवला नाही, पेट्यांवर नीट चिठ्ठ्या चिकटवल्या आणि गेला.

खारू आईकडे राहिली. आई स्पर्धेला गेली की दादा-वहिनीकडे. वहिनीने तिचे केस विंचरले, ताप काढले, पहिल्या चपला झिजल्या तशा मोठ्या चपला आणल्या. आई परत आली की दोघी टेबलाशी बसत, खारू बोले आणि आई ऐके. आईला ते फार आवडायचं. जगात तिला आवडणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती म्हणा ना. पण हे खारूला कुठून कळणार?

खारू चौदा वर्षांची झाली, तेव्हा बापाचा फोन आला. त्याच्या गावात चित्रकलेची चांगली शाळा होती, घर शाळेसमोरच. "तिला इकडे येऊ दे का? बळजबरी नाही. तिलाच ठरवू दे." खारूने विचार करायला आठवडा मागून घेतला, आणि आठवड्याने सकाळी चहाच्या वेळी ती आईसमोर येऊन बसली. आई अनवाणी, ती अनवाणी. मधे तेच टेबल.

"बाबा म्हणतोय तिकडे ये. जाऊ?"

जाऊ नकोस. एवढंच होतं आईच्या मनात, दुसरं काही म्हणजे काही नव्हतं. नको जाऊस. पोरी, तू गेलीस तर या घरात भांडी तेवढी उरतील. आणि पोकरवाली बाई अशा वेळी काय करते? समोरचा विचारात पडलाय, आणि त्याने जे करावं असं आपल्याला जिवापाड वाटतंय, तेच तो करायच्या बेतात आहे. अशा वेळी पापणी लववायची नाही. पुढे झुकायचं नाही. आपण जरा अधीर दिसलो की तो बिथरतो आणि पत्ते टाकून पळतो. जितका डाव मोठा, तितकं माणसाने दगड व्हायचं. खिडकीपासून धरून वीस वर्षं याच एका गोष्टीवर तिने भाकरी कमावली होती. तिला वाटलं, आपण गप्प राहिलो की पोर राहील.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"मी तुला विचारतेय, तुला काय वाटतं ते."

"निर्णय तुझा आहे. मी मधे येणार नाही."

अगं बाई, बोल की काहीतरी! पण नाही. ती समोरच्या भिंतीवर एक जागा धरून बसली, श्वास एका लयीत. खारू तिच्याकडे टक लावून बघत होती. मग खारूच्या हातातला चमचा खाली पडला. ती तो उचलायला वाकली. जरा वेळ खालीच होती. वर आली तेव्हा चेहरा लालसर झाला होता, वाकल्यामुळे होतो तसा.

"मग जाते," ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.

वहिनीला कळलं तेव्हा ती फोनवर फाडफाड बोलली. "दगड आहेस का गं तू? एकदा म्हणाली असतीस, राहा. एकदा! पोर धावत आली असती." तिने ऐकून घेतलं. खिडकीवर ऐकायची तसं. शिव्या देणारा दमतो, वहिनीही दमली आणि रडायला लागली. मग आईने फोन ठेवला आणि बॅग भरली, कारण दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. खारूच्या खोलीचं दार तिने लावलंही नाही आणि उघडलंही नाही, होतं तसं अर्धवट राहिलं. ती त्यावरून जात-येत राहिली. फोनवर दोघी बोलत. शाळा कशी आहे? बरी आहे. जेवतेस ना? जेवते. तुझी स्पर्धा? झाली. कोण कितवी आली हे खारू विचारायची नाही आणि आई सांगायची नाही. असं वर्ष गेलं, वर आणखी काही महिने.

मग त्या दुपारची मोठी स्पर्धा. शेवटचं टेबल, आणि त्यावर उरलेले दोघंच, ती आणि दातांचे डॉक्टर. हे डॉक्टर दवाखाना मुलाच्या गळ्यात घालून या नादाला लागलेले, गप्पिष्ट, हॉलमधले सगळ्यात जुने गिऱ्हाईक. मधे पाच पत्ते उघडे पडलेले, तिने सगळ्या चिप्स पुढे सारलेल्या, आणि डॉक्टर विचारात. तेवढ्याच चिप्स लावून यायचं की पत्ते टाकून पळायचं? तिच्या हातात किलवरचा एक्का आणि आणखी एक किलवर होतं, आणि मधे तीन किलवर पडल्यावर ते दोन पत्ते सोन्यासारखे होते. ती भिंतीवरची जागा धरून बसली. डॉक्टरांच्या हातातली एक चिप खाली पडली. ते वाकले. जरा वेळ खालीच राहिले. वर आले तेव्हा चेहरा लालसर झाला होता.

"छे!" डॉक्टर हसत म्हणाले. "मॅडम, कमाल आहे हो. पायसुद्धा ढिम्म तुमचे! म्हटलं वर काही दिसत नाही, खाली तरी बघावं."

सगळे हसले. ती हसली नाही. तिला चमचा दिसला. टेबलाखाली वाकलेली खारू दिसली, लाल चेहऱ्याने वर येणारी. चमचा पडला नव्हता तर. पोरीने तो पाडला होता. तिला तोंडाकडून उत्तर मिळालं नाही म्हणून ती लहानपणच्या जागी गेली होती, खरं काय ते बघायला. जिथे खोटं कधी नव्हतंच, तिथे. आणि तिथे तिला काय दिसलं? अनवाणी पाय. गप्प पडलेले.

"आलो," डॉक्टर म्हणाले. बोललं ते धरलं. पत्ते उघडले, ती जिंकली. टाळ्या झाल्या, ढाल आली, फोटोवाल्याने, "मॅडम, जरा हसा," म्हटलं आणि मग स्वतःच म्हणाला, "असू द्या."

घरी येऊन तिने दाराशी बूट काढले, मोजे काढले आणि टेबलाशी बसली. दिवसाढवळ्या, एकटी. ती मनात म्हणाली, बाईंनी खारूचं चित्र भिंतीवर लावलं. म्हणाली, खारूने गंमत आणली. ते तिसरं वाक्यही म्हणाली, मोठ्याने, खारूच्या बारीक आवाजात. अंगठ्याकडे बघत राहिली. तो लाकडाचा असावा तसा पडून होता. नुसतं 'हल' म्हटलं की हलत होता हो, तो काही लुळा नव्हता. पण आपणहून उठत नव्हता. तिला रडू यायला हवं होतं. तेही आलं नाही.

दुसऱ्या सकाळच्या बसने ती नकाशेवाल्याच्या गावी गेली. सुट्टीचा वार होता. शाळेसमोरचं घर, पहिला मजला, दारावर खारूने रंगवलेली पाटी. दार खारूनेच उघडलं. उंच झाली होती. हाताला रंग लागलेला.

"आई? तू? न सांगता?"

"हो."

"बाबा साइटवर गेलाय. काय झालं? मामा बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत."

तिने बूट काढले. मग मोजेही काढले, घडी करून बुटात ठेवले. खारूने ते बघितलं. आत स्वयंपाकघरात टेबल होतं, साधं, पत्र्याच्या पायांचं. खारूने चहा टाकला. दोघी समोरासमोर बसल्या.

"त्या दिवशी चमचा तू मुद्दाम पाडलास," आई म्हणाली.

खारू कपाकडे बघत होती. "हो."

"मला काल कळलं."

"काल?" खारू हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तुला? तू तर समोरच्याच्या नखावरून ओळखतेस म्हणे."

"तेव्हा मी भिंतीकडे बघत होते."

"मी नीट बघितलं होतं गं, आई. दोन्ही पाय बघितले. म्हटलं, एवढासा हलला तरी नाही जायचं. बाबाला सांगणार होते, नाही येत म्हणून. सगळं ठरवलं होतं." तिने कप बाजूला केला. "नाही हलला. आणि मग वाटलं, मीच तर शिकवलंय हिला. मग तो खरंच गप्प आहे की शिकवल्यामुळे गप्प आहे, ते मला कसं कळणार? मी खाली बसून तेच बघत होते. काही कळेना."

सांगायचं होतं ते एवढं मोठं होतं, आणि ते ठेवलेल्या जागेवरून उठतच नव्हतं. तिला ते आहे हे माहीत होतं, बंद कपाटात काय आहे ते माहीत असतं तसं. खिडकीबाहेर शाळेच्या मैदानावर कुणीतरी चेंडू आपटत होतं. चहावर साय धरली.

"तुमच्यात अजून तोंडाने बोललेलं धरतात ना?" खारूने विचारलं.

"धरतात."

"मनात काहीही असलं तरी?"

"मनात काहीही असलं तरी."

"मग बोल ना," खारू म्हणाली. "तुझा टर्न आहे. केव्हाचा आहे."

आईने टेबलावर हात ठेवले. भिंतीकडे नजर जात होती, ती तिने ओढून पोरीवर आणली. तिकीट मागावं अशा आवाजात, ना वर ना खाली, ती म्हणाली, "मला तू हवी होतीस. जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं. अजूनही तू हवी आहेस. मी इथे घर बघते. स्पर्धा इथूनही जाऊन खेळता येतात."

एवढं सलग ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. खारू त्या चेहऱ्यावर शोधत राहिली, कपाळ, ओठ, डोळ्यांचे कोपरे. मग ती खुर्चीवरून उतरली आणि एवढी मोठी पोरगी गुडघे दुमडून टेबलाखाली जाऊन बसली, लहानपणी बसायची तशी. आई वर ताठ बसून राहिली.

"हलला?" थोड्या वेळाने आईने विचारलं.

"नाही," खारू खालून म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग,

"पण धरलं."